भरलेली बाकं

तिला मापबाई हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. शाळा सुटली की ती परस्पर वडिलांच्या कारखान्यात यायची, दप्तर कोपऱ्यात टाकायची आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं पाऊल सरळ मांडीवर घ्यायची. लोकांना आपलं पाऊल दाखवायची लाज वाटते. वाकडं असलं, एक पाय आखूड असला, बोटं नसली, तर फारच. या मुलीला मात्र त्याचं काहीच वाटत नसे. ती कागदाची पट्टी पावलाभोवती गुंडाळायची, पेन्सिलीने खूण करायची आणि विचारायची, "इथं दुखतं ना?" तिथंच दुखत असे. लग्नाचं वय आलं आणि गेलं, वडील थकले आणि गेले. मापबाई तिथंच राहिली.

कारखाना म्हणायचा म्हणून कारखाना. पहिल्या मजल्यावरची एक लांबलचक खोली, भिंतीला लागून बाकं, खिडकीशी शिवणयंत्र, मागच्या दाराजवळ चामड्याची भेंडोळी. ज्यांना धड चालता येत नाही अशांचे बूट करणारं दुकान जिन्यावर का, असं नवं माणूस हमखास विचारी. वडिलांचं उत्तर ठरलेलं असे. "वर येताना पावलांचा आवाज ऐकू येतो. निम्मं माप तिथंच मिळतं." खरं कारण हे, की खालची जागा त्यांना कधी परवडलीच नाही. पण उत्तर खोटंही नव्हतं.

काम करणारी माणसं तिच्यासकट सहा. चामडं कापणारा एक, पावलांचे लाकडी साचे तासणारा एक, टाके घालणारे दोघे, आणि टाचा बसवणारा. पन्नाशीच्या आतलं त्यांत कुणीही नाही. बाकं मात्र वडिलांच्या वेळची, पुष्कळ माणसांची. निम्म्याहून जास्त रिकामी पडलेली असत आणि त्यांवर मापबाई कागद, दोऱ्याची रिळं, कुणाची तरी छत्री असं ठेवत असे.

या रिकाम्या बाकांची वडिलांना भारी धास्ती. रिकामं बाक बघून गिऱ्हाईक जिन्यावरूनच मागे फिरतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा इस्पितळातले बडे डॉक्टर कारखाना बघायला येणार होते. तेव्हा वडिलांनी काम सोडून गेलेल्या जुन्या माणसांना घरोघर जाऊन बोलावलं आणि बाकांवर बसवलं. तरी एक जागा उरली, म्हणून खालच्या न्हाव्याला वर आणून त्याच्या हातात चामडं कापायची रापी दिली. त्याने ती वस्तऱ्यासारखी धरली. डॉक्टर त्याच्यापाशी थबकले आणि म्हणाले, हा नवा दिसतो. वडील म्हणाले, "नवा आहे, पण हात हलका आहे." डॉक्टर खूश झाले. इस्पितळाचं काम मिळालं, ते पुढे कितीतरी वर्षं टिकलं. तेव्हापासून रीतच पडली. मोठं माणूस यायचं असलं की बाकं भरायची. जुन्या माणसांनाही त्यात मौज वाटे. घरी बसून सुनेची बोलणी खाण्यापेक्षा दोन घटका टाक्यांची आरी हातात धरलेली बरी.

वडिलांनी जागा आणि धंदा दोन्ही मुलांच्या, म्हणजे मापबाई आणि तिच्या भावाच्या, नावे निम्मं निम्मं केलं होतं. धाकटा भाऊ दूरच्या शहरात हिशेबनीस. कारखान्यातून त्याने कधी एक पैसा मागितला नाही. उलट यायचा तेव्हा सगळ्यांसाठी काहीबाही घेऊन यायचा आणि दिवसभर खिडकीशी बसून जुन्या गप्पा ऐकायचा. त्या वर्षी तो आला तो रिकाम्या हातांनी. त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. त्याने ते एका वाक्यात सांगितलं आणि चहाचा कप न पिताच बाजूला ठेवला.

"ताई, मी मागतोय असं समजू नकोस."

"मागतोयस म्हणूनच समजणार. दुसरं कुणाकडे मागणार तू?"

शेजारच्या गोदामवाल्याची या मजल्यावर फार दिवसांपासून नजर होती. पण त्याला अर्धी जागा नको होती, अख्खा मजला हवा होता. म्हणजे भावाचा हिस्सा त्याला विकायचा, तर कारखानाच बंद करावा लागणार. भावाने उन्हाळा सरेपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर त्याचा हिस्सा घेणारं दुसरं कुणी मिळालं तर कारखाना वाचणार होता. मापबाईने स्वतः तो घ्यायचा म्हटलं, तर साठी उलटलेल्या बाईला कोणती बँक कर्ज देणार? दोन बँकांत तिने विचारून पाहिलं. दोन्हीकडे तिला आदराने बसायला खुर्ची मिळाली, आणि पुढे काही नाही.

तेव्हा भाचा तो कायदा घेऊन आला. भाचा म्हणजे तिच्या मावसबहिणीचा मुलगा, वकिलाच्या कचेरीत कारकून. त्याला कायद्याची पुस्तकं इतरांना लोणी लागावं तशी गोड लागत. नवीन कायदा झालाय, म्हणाला. आजवर बँका छोट्या धंद्यांना फक्त कर्ज देत होत्या. आता बँकेला आपल्या भांडवलातला थोडा हिस्सा अशा धंद्यांत भागीदार म्हणून घालता येणार. हप्ता नाही, तारण नाही. धंदा चालला तर नफ्यातला वाटा बँकेचा, बुडाला तर बँकही बुडणार. काही वर्षांनी तिचा हिस्सा आपण विकत घ्यायचा. भावाचा हिस्सा बँकेने घेतला, की काम झालं.

मापबाईने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"म्हणजे बँक माझी भागीदार. मग सकाळी झाडू कोण मारणार, मी का ती?"

"तूच मार. ती वर्षातून एकदा येऊन धूळ आहे का बघेल."

सगळे हसले, पण तिला ते पटलं. नात्यातल्या माणसाने पैसे घालावे तसं ते वाटलं. भाच्याने कायद्याची पुस्तिका आणून दिली आणि ती तिने पेन्सील घेऊन वाचली. बँक आपल्याला साधे तयार बूट करायला लावू शकते का? नाही. माणसं कमी करायला सांगू शकते का? नाही, सल्ला देऊ शकते. हिस्सा कुणा तिसऱ्याला विकू शकते का? आपल्याला आधी विचारून. अशा ठिकाणी तिने बारीक खुणा केल्या. फक्त पहिलं पान तिने ओलांडलं. त्यावर छोटा धंदा कशाला म्हणावं ते दिलं होतं. आपण छोटे आहोत, याबद्दल तिला जन्मात कधी शंका आली नव्हती. ते तिला छापून कशाला सांगायचं?

अर्ज भाच्याने भरला. तिने सही केली. बँकेने कळवलं, की एक साहेब येऊन कारखाना बघून जातील. आणि नेमका भाचा त्या आठवड्यात वकिलाबरोबर दुसऱ्या गावी गेला होता.

पुढे जे झालं त्यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं. साहेब येणार हे कळताच टाचा बसवणारा म्हणाला, "ताई, बाकं?" आणि मापबाई म्हणाली, "भरायची तर." यापलीकडे त्यावर चर्चा झाली नाही.

निरोप गेले. वडिलांच्या वेळचे टाकेमास्तर आले. ऐंशीला टेकलेले, दृष्टी अधू, पण मेण लावलेला दोरा सुईत ओवायला अजून कुणाची मदत घेत नसत. साचे तासणाऱ्याची बायको आली, तिची बहीण आली. जुने चौघे आले, त्यांतल्या एकाने इस्त्री केलेला सदरा घातला होता, त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल झाली. समोरच्या चहावाल्याला चामड्याच्या भेंडोळ्यापाशी उभं केलं. त्याचा पोरगेला भाऊ गल्ला सांभाळायला राहिला होता, म्हणून तो सारखा खिडकीतून खाली बघत होता. सगळी बाकं भरली. मापबाई दारात उभी राहून खोलीकडे बघत राहिली. वडील असतानाही कारखाना इतका भरलेला तिला आठवत नव्हता.

बँकेचे साहेब मध्यम वयाचे, सौम्य, कपाळावरचा घाम टिपत वर आले. उजव्या टाचेवर भार टाकून चालतात, हे तिने जिन्यावरूनच ओळखलं. त्यांनी घाई केली नाही. एकेका बाकापाशी थांबले, हातातलं काम बघितलं, किती वर्षं झाली म्हणून विचारलं. टाकेमास्तर म्हणाले, "बेचाळीस." तेही खरंच होतं, त्यांतली शेवटची काही घरी गेली एवढंच. साचेवाल्याची बायको लाजून म्हणाली, लग्न झाल्यापासून. चहावाल्याला तुम्ही काय करता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मी आतबाहेर बघतो." साहेबांनी मान डोलावली.

जाताना त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली.

"ही सगळी तुमचीच माणसं?"

"सगळी आमचीच," मापबाई म्हणाली.

"एवढ्याशा जागेत चौदा माणसं. कमाल आहे, बाई."

साहेब गेल्यावर चहावाल्याने सगळ्यांना फुकट चहा पाजला. टाकेमास्तर म्हणाले, आता बँकेला खालचा मजलाही घ्यायला सांगू. मापबाईने भावाला फोन करून सांगितलं, की काम होणार. भावजयीची तब्येत विचारली. तो थकल्या आवाजात म्हणाला, बरं झालं गं, माझ्या जिवाला लागून राहिलं होतं.

भाचा परत आला तेव्हा तिने त्याला सगळं रंगवून सांगितलं. न्हाव्याची जुनी गोष्टही पुन्हा सांगितली. त्याने ऐकता ऐकता पुस्तिका ओढून पहिलं पान उघडलं.

"मावशी, तू पहिलं पान वाचलंस ना?"

छोटा धंदा म्हणजे दहा माणसांच्या आतला. त्याहून एकही माणूस जास्त असेल तर बँकेला त्यात भागीदार होता येत नाही. अर्जात भाच्याने सहा लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा बघूनच तिच्या लक्षात आलं, की त्यांनाही कळलंय. त्यांनी कारखाना बघितला त्याच संध्याकाळी वर अहवाल पाठवला होता. तिचं भलं व्हावं म्हणून मनापासून लिहिला होता. चौदा कुशल कारागीर, त्यांतले काही चाळीस वर्षांचा अनुभव असलेले, बाईंचं सगळ्यांशी घरच्यासारखं वागणं. वरून उत्तर आलं, अर्जात सहा आणि डोळ्यांना चौदा, हे कसं?

मापबाई आधी हसली. तिला वाटलं, एवढंच ना.

"अहो, ती आमची नव्हतीच. बसायला बोलावली होती. एक तर चहावाला."

साहेब हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला.

"बाई, हे तुम्ही आता बोललात ते मी ऐकलं नाही असं धरू का?" ते हळूच म्हणाले. "ऐकलं म्हटलं तर तपासणीत खोटी माणसं दाखवली असं मला लिहावं लागेल. नाही ऐकलं तर अर्जात खोटा आकडा लिहिला असं होतं. दोन्हीला कायद्यात एकच कलम आहे."

त्या कलमाप्रमाणे खोटी माहिती देणाऱ्याला काही वर्षं या योजनेत पुन्हा येता येत नाही. भाच्याने ते कलम नंबरासह ओळखलं आणि मान खाली घातली. मापबाई एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली. इकडे आड आणि तिकडे विहीर हे तिने आजवर दुसऱ्यांबद्दल पुष्कळदा म्हटलं होतं.

"तुम्ही परत या ना बघायला. उद्याच या. न सांगता या," ती म्हणाली.

"मी आलो असतो हो. पण आता ते माझ्या हातात राहिलं नाही."

मग ते असंही म्हणाले, की बँकेला अशा धंद्यांत किती भांडवल घालता येतं त्यालाही कायद्याने मर्यादा घातलीय, आणि यंदाचा वाटा जवळजवळ संपत आलाय. कुठल्याशा बेकरीला आणि एका छापखान्याला गेला. चांगली माणसं आहेत, म्हणाले. मापबाईने त्या बेकरीवाल्यावर रागवायचा प्रयत्न केला, पण तिला राग आला नाही.

तरी ती स्वस्थ बसली नाही. बँकेच्या मुख्य कचेरीत गेली. तिथल्या मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हा कायदा तुमच्यासारख्यांसाठीच आहे, असं दोनदा सांगितलं. वकिलाने पैसे न घेता सल्ला दिला, की दाद मागता येईल, निकाल लागायला दोन वर्षं धरा. शेवटी भाच्याने खटपट करून तिची गाठ एका गृहस्थांशी घालून दिली. त्यांनी सभागृहात या कायद्याच्या बाजूने मोठं भाषण केलं होतं. ते घरीच भेटले. साधे होते. सोफ्यावर नातवाची खेळणी पडली होती, ती त्यांनी स्वतः उचलून तिला जागा करून दिली.

दहाचा आकडा माझाच, ते म्हणाले. मसुद्यात तो नव्हता, मी भांडून घालून घेतला. मोठ्या कंपन्या आपल्या शाखा वेगळ्या दाखवतात, छोट्या नावांनी येतात आणि सगळा पैसा घेऊन जातात. तसं होऊ नये म्हणून खोटेपणाचं कलमही त्यांनीच कडक केलं होतं. बोलता बोलता ते मध्येच थांबले. तिची गोष्ट त्यांना तेव्हा कुठे पुरती उमगली असावी.

"मोठ्यांनी छोटं दिसू नये, एवढंच आम्ही बघितलं, बाई. छोटी माणसं मोठं दिसायला जातील, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

पुढच्या दुरुस्तीत बघू, असं त्यांनी सांगितलं. ते पोकळ आश्वासन नव्हतं. त्यांनी वही मागवून तिच्यासमोर टिपून घेतलं. दुरुस्ती कधी होणार, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. निघताना त्यांच्या पत्नीने मापबाईच्या हाताला धरून पायऱ्या उतरवून दिल्या, म्हातारी म्हणून. तिला उगीच लाज वाटली.

कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. कुणी कुणाला बोल लावला नाही, आणि तेच जड जात होतं. टाकेमास्तर दुसऱ्या दिवशी न बोलावता आले. जिना चढून धाप लागलेली. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, मी बेचाळीस म्हणालो ते चुकलं का गं? मी घरीच असतो असं म्हटलं असतं तर? ती म्हणाली, तुम्हाला मी बोलावलं, मास्तर. ते म्हणाले, बोलावलंस म्हणून मी आलो, पण मला हौस होती.  मग त्यांनी जवळचा एक अर्धा शिवलेला बूट ओढून घेतला आणि टाके घालायला लागले. टाके वाकडे पडत होते. तिने ते बघितलं आणि तसेच राहू दिले.

उन्हाळा सरला तेव्हा भाऊ आला. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण तो पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसला. हिशेबाच्या माणसाला कुठेतरी चूक सापडेल असं वाटत असतं. सापडली नाही.

"तू आकडा बरोबरच दिला होतास," तो म्हणाला.

"दिला होता."

"मग?"

"मग काय. बडा घर, पोकळ वासा दाखवायला गेले. आपलं घर बडं कधीच नव्हतं, हे विसरले."

तो हसला आणि त्याने लगेच डोळे पुसले. मी अजून थोडं थांबू का, असंही त्याने विचारलं. भावजयीला आता आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर घेऊन जावं लागत होतं. मापबाईने त्याला थांब म्हटलं असतं, तर तो थांबला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती लगेच म्हणाली, की गोदामवाल्याला उद्याच बोलावून घे.

गोदामवाला आला, तोही वाईट माणूस नव्हता. त्याने भावात घासाघीस केली नाही. माणसांपैकी कुणाला माझ्याकडे यायचं असेल तर या, ओझी उचलायचं काम आहे, असं म्हणाला. टाचा बसवणारा हो म्हणाला. बाकीच्यांनी विचार करतो म्हटलं, म्हणजे नाही. शिवणयंत्र भंगारात गेलं. बाकं नेणारं कुणी नव्हतं. गोदामवाल्याने माल मांडायला होतील म्हणून ठेवून घेतली.

शेवटच्या आठवड्यात मापबाई एकटीच जमिनीवर बसून उरलंसुरलं आवरत होती, तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या एक बाई वर आल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या असल्यापासून त्या इथले बूट घालत होत्या. डावा पाय चार बोटं आखूड. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा बूट काढला, पाऊल पुढे केलं आणि मग खोलीकडे बघितलं.

मापबाईने त्यांना सांगितलं. कायद्याचं काही सांगितलं नाही, ते सांगायला लागलं की लांबतं आणि समोरचा माणूस विचारतो, मग तुम्ही असं का केलंत. फक्त बंद झालं एवढं सांगितलं. इस्पितळात तयार मिळतात, तिथे बघा, म्हणाली.

"ते मला होत नाहीत. एकदा घेतले होते," त्या म्हणाल्या. "मग आता मी कुठे जायचं?"

"मला ठाऊक नाही."

बाई तशाच बसून राहिल्या, एका पायात बूट आणि एक पाय उघडा. मापबाईने त्यांचा काढलेला बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबून बघितला, टाचेचे टाके बघितले. मग तो त्यांच्या पायात घालून बंद बांधून दिला.

"या हिवाळ्यापर्यंत टिकतील," ती म्हणाली. "ओल्यात घालू नका."